घर समुद्राजवळ, पण वाडीच्या आड

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकण किनाऱ्यावर जागा घेऊन कुटुंबासाठी घर बांधण्याची इच्छा रास्त आहे. पण या व्यवहाराभोवती तीन समजुती घट्ट बसल्या आहेत. घर पाण्याच्या जितके जवळ तितके चांगले, ही पहिली. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आणि हातात ग्रामपंचायतीचा परवाना असला की जागा निर्वेध, ही दुसरी. आरसीसीचे बांधकाम खाऱ्या वाऱ्याला पुरून उरते, ही तिसरी. तिन्ही चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते.

पहिल्या समजुतीच्या बाजूने कोळीवाड्यांचा दाखला दिला जातो. कोळ्यांची घरे पाण्यालगत असतात ती होड्या, जाळी आणि मासळी सुकवण्याच्या कामासाठी. ज्यांचा धंदा समुद्रावर नव्हता, त्यांनी घरे मागेच बांधली. गुहागर किंवा दिवेआगर येथे पुळणीनंतर केवड्या-सुरूची झाडी, मग नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्यामागे रस्त्यालगत घर, अशी रचना दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील वाड्या आडव्या केल्या आणि मागच्या घरांचीही कौले-पत्रे उडवले. झाडांच्या आड असलेल्यांची ही गत, तर मर्यादवेल उपटून आणि वाळूची टेकडी सपाट करून उभारलेल्या बंगल्याला आडोसा कशाचा?

दुसरी समजूत अधिक महागात पडते. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ सालची. त्यानंतर २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. ग्रामीण भागात पहिले २०० मीटर सामान्यतः ना-विकास क्षेत्र असते. दाट वस्तीच्या गावांत, मंजूर व्यवस्थापन आराखडा असेल तरच, ही मर्यादा ५० मीटरवर येते. त्यापलीकडे सारे मोकळे, असेही नाही. तेथील घरांची तरतूद पारंपरिक हक्क व वहिवाट यांच्या चौकटीत आहे आणि तीही ९ मीटर उंची व तळमजला अधिक एक मजला एवढीच. ‘सगळेच बांधतात, पाडतो कोण?’ या युक्तिवादाला केरळातील मरडूने उत्तर दिले आहे. तेथील चार निवासी इमारतींना पंचायतीचा परवाना होता, किनारी प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकांनी पाडण्यात आल्या. शिवाय ना-विकास क्षेत्रात दुरुस्ती व पुनर्बांधणीची सवलत अधिकृत बांधकामालाच मिळते. म्हणजे अनधिकृत घर वादळात पडले, तर ते पुन्हा उभारण्याचा हक्कही उरत नाही.

सातबाराही एकट्याने पुरेसा नाही. कोकणात जमीन बहुधा सामाईक असते आणि हिस्सेदार मुंबई-पुण्यात विखुरलेले असतात. एका भावाची सही म्हणजे सर्वांची संमती नव्हे. म्हणून जुने फेरफार, ‘इतर हक्क’ स्तंभातील कुळांच्या नोंदी, भोगवटादाराचा वर्ग आणि वाटेचा हक्क तपासावाच लागतो. जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय खरेदी करू देत नाही.

तिसऱ्या समजुतीचे खंडन किनाऱ्यावरच्या जुन्या स्लॅबांनी केले आहे. हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, सळई गंजते आणि गंज फुगतो. सळईच्या रेषेतच सरळ तडा जातो आणि पुढे खपली सुटून तांबूस सळई उघडी पडते. आयएस ४५६ हे भारतीय मानक किनारी वातावरण ‘तीव्र’ गटात धरते आणि किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट व सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगते. समुद्राची रेती वापरून आणि आवरणात काटकसर करून केलेले ‘पक्के’ काम म्हणून अल्पायुषी ठरते.

मग किनाऱ्याजवळ घर बांधूच नये काय? हा निष्कर्षही टोकाचा आहे. गावठाणाच्या रांगेत, वाडीच्या आड, जांभ्याच्या भिंती, रुंद पडवी आणि नीट जखडलेले उतरते छप्पर असलेले घर हा याच हवामानातून घडलेला नमुना आहे. तो अवलंबताना क्रम पाळावा. जागा थंडीत आवडली तरी विहिरीचे पाणी मे महिन्यात तपासावे, कारण पुळणीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि उपसा वाढला की खार वर चढतो. त्यानंतर किनारी आराखड्याच्या नकाशावर गट नंबर पडताळावा, सरकारी मोजणी करून हद्दी कायम कराव्यात, सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच विसार द्यावा. घराचा नकाशा त्यानंतर. अशा घराच्या खिडकीतून समुद्र कदाचित दिसणार नाही, पण ते पावसाळ्यांना तोंड देईल आणि मुला-नातवंडांच्या नावावर निर्वेधपणे चढेल. कुटुंबाच्या घराची खरी कसोटी तीच आहे.