सही कोणाची, जबाबदारी कोणाची?



एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरने गाडीवरचा कापूस चिमटीत धरला की आपल्या वर्षाच्या कमाईचा निकाल लागायचा. त्याला कापसातले किती कळते, हे कोणी तपासत नव्हते. प्रत चुकली तर तोशीस शेतकऱ्याला, ग्रेडरला नाही. अधिकार एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, हे दुखणे घरबांधणीतही आहे. तिथे मात्र किंमत जिवाने मोजावी लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ज्वारीच्या पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. भिंती जाडजूड होत्या, पण मातीत रचलेल्या. बाहेरचा थर आणि आतला थर यांना सांधणारा आरपार दगड नव्हता. वर माळवदाच्या मातीचे ओझे. हादरा बसला, थर सुटले आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता! २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.

उपाय काही महाल बांधण्याचा नव्हता. दगडी घरांसाठी भारतीय मानक ब्युरोची १९९३ सालचीच पुस्तिका आहे. दर दोन फूट उंचीला, चार फुटांच्या आत एक आरपार दगड घाला, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवा, असे ती सांगते. पण दिल्लीची पुस्तिका गावच्या गवंड्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कोणाची?

शहरासाठी मात्र पात्रतेचे नियम आहेत. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारतीचे बळ ठरवणाऱ्या इंजिनियरला स्थापत्याची पदवी आणि किमान तीन वर्षांचा अनुभव लागत होता. नियम योग्यच होता. पण नुसत्या नियमाने काय होते, ते २६ जानेवारी २००१ ला दिसले. भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे महापालिका होती, इंजिनियर होते, परवानगीची कचेरीही होती. नकाशावर सही करणारा बांधकामावर फिरकलाच नाही, तर त्याच्या पदवीचा सिमेंटला काय उपयोग?

म्हणून कोणी म्हणेल, गावोगाव इन्स्पेक्टर नेमा. ते आपल्याला नको. लायसन्स-परमिटचा जाच आपण पुरेसा भोगला आहे. आणखी एक साहेब दारात आला तर घर मजबूत होणार नाही, चिरीमिरी तेवढी वाढेल.

आपली मागणी वेगळी आहे. एक, शाळा, दवाखाना, गोदाम अशा प्रत्येक सार्वजनिक इमारतीवर आराखडा करणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव लावा. पाया, लिंटेल आणि स्लॅब या तिन्ही वेळी तपासनीस हजर होता, याची तारखेसह नोंद ग्रामपंचायतीत ठेवा. इमारत पडली तर सही करणाऱ्याला पळवाट नको. दोन, गवंड्याची परीक्षा कागदावर नको, भिंतीवर घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आहे. ते तालुक्या-तालुक्यात मिळाले पाहिजे. वीस वर्षे थापी चालवलेल्याला पुन्हा वर्गात बसवू नका, थेट परीक्षा द्यायची मुभा द्या. तीन, प्रमाणपत्र नाही म्हणून कोणाचे घर अडवू नका. मात्र कोणाला परीक्षा पास आहे, ती यादी पंचायतीच्या फळ्यावर लावा. कोणाच्या हाती घर द्यायचे, ते मालक ठरवील.

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूण पाहतो. ज्या छपराखाली लेकरे झोपतात, त्याचीही खूण मागा. जिल्हा मेळाव्यात या तीन मागण्यांचा ठराव मांडू या.