आधी सुई, मग स्पीकर

मिक्सरचं भांडं बदलायचं असेल तर मला कुणी सल्ला देत नाही. स्टिरिओचं काही बघायचं म्हटलं, की मात्र नवरा, लेक, धाकटे दीर, शेजारचे काका असे सगळेच तज्ज्ञ होतात. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं : अ‍ॅम्प्लिफायर मोठा घ्या, वॉट जास्त हवेत! जणू घरात गाणं ऐकायचं नसून गणपतीची मिरवणूक काढायची आहे.

मैत्रिणींनो, या वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट! आणि दिवाणखान्यात बेताच्या आवाजात ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॉटही खर्च होत नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काय लोणचं घालायचं?

माझ्याकडे भिशीचे वीस हजार होते आणि बाबांच्या शंभरेक एलपी. त्यातला पहिला खर्च मी रेकॉर्ड प्लेअरच्या सुईवर केला. हिऱ्याची असली तरी सुई झिजतेच. ५०० ते १००० तास हे तिचं साधारण आयुष्य. झिजलेली सुई नुसती खरखरत नाही, ती रेकॉर्डची खाच कुरतडते. स्टिरिओतलं बाकी काहीही उद्या, परवा, पुढच्या दिवाळीत बदलता येतं. पण बाबांनी फडक्याने पुसून पुसून जपलेली मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड एकदा कुरतडली गेली, की गेली. म्हणून सुई आधी. यावर घरात चर्चा ठेवलीच नाही.

मग फुकटची कामं. बऱ्याच घरांत स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, भिंतीला टेकून, कोपऱ्यात असतात. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि सगळं गाणं माठात बसून म्हटल्यासारखं येतं. स्पीकर कानाच्या उंचीवर आणायचे, भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढायचे, आणि दोन स्पीकर व आपली खुर्ची यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण करायचा. उघड्या फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा. हे करून आठवडाभर ऐकावं, मगच पाकिटाला हात लावावा. (केर काढताना स्पीकर मध्ये येतात हे खरं. पण केर काढणाऱ्यांनीच तक्रार करावी, इतरांनी नाही.)

एवढ्यानंतरही गाणं दबलेलं वाटलं, तर उरलेले पैसे स्पीकरवर. चांगल्या अवस्थेतल्या दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला किंवा दोन सीडी प्लेअरमधला फरक बहुधा बारीक असतो. दोन स्पीकरमधला फरक पोळ्या लाटता लाटता कळतो. विजेचं हवेत कंपन करण्याचं अवघड काम शेवटी स्पीकरच करतो ना!

दुकानदाराने मात्र माझ्याकडे न बघता यांनाच विचारलं, ‘‘साहेब, किती वॉट?’’ आणि धडाम-धुडूम वाजणारं गाणं लावलं. मी पर्समधून माझी सीडी काढली. नुसता तंबोरा, दोन मिनिटं. काळी एकचा पुरुषी तंबोरा असेल तर त्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झचा. लहानशा स्पीकरला तो धड पेलत नाही. आणि वरच्या बाजूला जवारी पत्र्यासारखी वाजली, तर तोही स्पीकर नको. दोन स्पीकर ताडून बघताना आवाज सारखा ठेवायला लावायचा, हेही विसरू नका. जरासा मोठा वाजणारा कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

तिसरी जोडी मी घेतली. तंबोरा लागल्यावर दुकानातला पोरगासुद्धा क्षणभर थांबला, म्हणून नव्हे. बाबांच्या खोलीतून यायचा तसा तो आला, म्हणून. महागडी वायर घ्या, असाही आग्रह झाला. साधी जाड तांब्याची वायर मीटरवर मोजून आणली.

अ‍ॅम्प्लिफायर जुनाच आहे. आवाजाचं बटण फिरवताना करकरायचं, त्यात फवारा मारून साफ करून घेतलं. आता लेक म्हणतो, ‘‘आई, पुढच्या भिशीत अ‍ॅम्प्लिफायर बघू या.’’ मी म्हटलं, बघू. आधी त्या एलपी धुवायच्या आहेत.