फसलेले प्रयोगही शिकवा

आपल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पेशीचे वर्णन विटेसारखे असते. विटा रचल्या की भिंत, पेशी रचल्या की शरीर! मग पेशींना धरून ठेवणारे जे काही असेल ते ओघानेच चुना-सिमेंट ठरते आणि त्याची बोळवण दोन ओळींत होते. माझ्या मते ही उणीव आहे. आणि तिच्या पोटात दुसरी, त्याहून मोठी उणीव दडलेली आहे.

नवी रक्तवाहिनी कशी फुटते ते पाहा. जखम भरताना किंवा गर्भ वाढताना जुन्या केशवाहिनीच्या अस्तरातील एखादी पेशी शेजारणींवरची पकड सैल करते. ही पकड कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाची. मग ती बाहेरच्या तंतुजालात पाय रोवून पुढे सरकते. हे पाय म्हणजे इंटेग्रिन प्रथिने. मागच्या पेशी तिच्यामागून येतात आणि एकमेकींना पुन्हा घट्ट धरतात, तेव्हा कुठे नळी तयार होते. पकड सुटलीच नाही तर फांदी फुटत नाही; पुन्हा जुळली नाही तर नळी गळते. पाय रोवायला आधारच मिळाला नाही तर पेशी मरते. थांबावे की चालावे, जगावे की मरावे, याचा निरोपच मुळी या चिकटण्यातून पेशीला पोचतो.

१९७१ साली अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी मांडले की, नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर कर्करोगाची गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही. पुढे १९९४ मध्ये ब्रूक्स, चेरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भपटलावर दाखवले की, आल्फा-व्ही-बीटा-३ हे इंटेग्रिन अडवल्यास नव्या वाहिन्या खुंटतात आणि जुन्यांना धक्का लागत नाही. केवढी आशा! पाय बांधा आणि गाठ उपाशी मारा.

पण २००२ साली निराळेच आढळले. हे इंटेग्रिन जन्मतःच नसलेल्या उंदरांत गाठी उलट अधिक वाढल्या, त्यांत वाहिन्याही अधिक. ते अडवणारे सिलेंजिटाइड हे औषध अगदी अल्प मात्रेत दिल्यास उंदरांतील गाठ वाढते, असे २००९ मध्ये दिसले. मेंदूच्या कर्करोगाच्या ५४५ रुग्णांवर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला या औषधाची चाचणी झाली. तिचा निकाल २०१४ साली छापून आला : औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांचे मध्यक आयुष्य सारखेच, सुमारे २६ महिने.

मग १९९४ चा प्रयोग खोटा होता काय? मुळीच नाही. पाय बांधणे आणि मुळात पायच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीटा-३ नसलेल्या उंदरांच्या वाहिन्यांत वाढीचा संदेश घेणारी दुसरी प्रथिने वाढलेली सापडली. एक वाट बंद झाली की पेशी दुसरी शोधते. हे ज्ञान यशातून नव्हे, अपयशातून मिळाले.

नेमका हाच उत्तरार्ध वर्गात येत नाही. परिणामी प्रयोगशाळेत काय घडते, ते सर्वांना ठाऊक आहे. निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही की ते खोडायचे आणि जुळणारा आकडा लिहायचा! गुण आकड्याला मिळतात, पाहण्याला नाही. अभ्यासक्रम आधीच लांबलचक आहे, विद्यार्थी गोंधळतील, असे कोणी म्हणेल. परंतु गोंधळ टाळण्यासाठी अर्धे सत्य शिकवणे हा उपाय नव्हे. मी एवढेच सुचवतो : प्रत्येक प्रयोगवहीत ‘न जुळलेले निरीक्षण’ असे एक पान असावे आणि त्याच्या कारणमीमांसेला गुण असावेत.

त्या ५४५ रुग्णांना औषधाने आयुष्य वाढवून दिले नाही. त्यांनी मात्र विज्ञानाला एक खरे उत्तर दिले. ते उत्तर आपण वर्गात सांगितलेच नाही, तर त्यांचे देणे फेडायचे कसे?