बचत कोणाची, खर्च कोणाचा?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटारी घडवणारा. येथील कामगार-कारकुनाने आपल्या गाडीचे इंजिन ऑइल घरीच बदलावे, यात नवल नाही. मजुरी वाचते, हे खरे. परंतु या बचतीचा हिशेब सहसा पुरता मांडला जात नाही.

पहिला प्रश्न निवडीचा. महाग ते उत्तम, हा समज चुकीचा होय. गाडीसोबतच्या पुस्तिकेतील दाटपणाचा अंक व दर्जाची खूण हेच प्रमाण. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आली. तिला कमी राखेचेच ऑइल चालते. अन्य ऑइलच्या राखेने ती बुजत जाते आणि शेकड्यांची काटकसर हजारोंच्या दुरुस्तीत बुडते. फिल्टरचेही तेच. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे. आतील झडपेचा दाबही इंजिनास अनुरूप हवा.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर. काढलेले काळे ऑइल कायद्याने घातक कचरा ठरते. त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर आहे. तथापि घरी निघालेले तीन-चार लिटर त्या साखळीपर्यंत पोहोचणार कसे? गटारात ओतले तर ते पवनेत वा इंद्रायणीत उतरते. बचत मोशीतील मोटारमालकाची. किंमत मोजायची आळंदीच्या घाटाने!

यावर उपाय एकच. नवा डबा विकणाऱ्या दुकानानेच जुने ऑइल परत घ्यावे आणि महापालिकेने ते बंधनकारक करावे.