चाल कुणाची?

कळंब्यातल्या आमच्या गटाच्या बैठकीत परवा सुंदराबाई जाधवांच्या जुन्या रेकॉर्ड्स मोबाइलवर लावल्या. आवाजानं सगळ्या गप्प झाल्या. नाव मात्र एकीलाही ठाऊक नव्हतं. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधल्या पदांना चाली दिल्या त्या याच पुण्याच्या सुंदराबाईंनी. बालगंधर्वांच्या सिंधूनं ती पदं घरोघरी नेली. पतिव्रतेचं गाणं समाजानं डोक्यावर घेतलं. चाल देणारी मात्र ‘गाणारी बाई’ म्हणून उंबऱ्याबाहेरच राहिली!

मैत्रिणींनो, रेकॉर्ड सापडली म्हणजे न्याय झाला असं नाही. बाईचं नाव आपोआप पुसलं जात नाही, ते लिहिलंच जात नाही. आजीची ओवी उतरवून घ्याल, तेव्हा खाली आजीचं नाव लिहा.