विश्लेषण : अपघाताआधी वेग मोजता येईल? घरगुती रडारचा पर्याय

राष्ट्रीय महामार्गावरील एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याचा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष असा आहे : सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा एकूण दहा मृत्यू. म्हणजे रस्त्याची दखल घेतली जाण्याआधी तिथे माणसे जावी लागतात. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येणाऱ्या महामार्ग ३६१ लगतची गावे असोत की दोन्ही शहरांतले रुंद रस्ते, रहिवाशांच्या अर्जात एकच वाक्य असते : ‘वाहने फार जोरात जातात.’ जोरात म्हणजे ताशी ५० की ९०, हे अर्जदारालाही माहीत नसते आणि अर्ज घेणाऱ्यालाही. हा आकडा अपघाताची वाट न पाहता मिळवता येतो. त्यासाठी लागणारे यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी, किंबहुना हौशी इलेक्ट्रिशियनही जोडू शकतात.

रडारला वेग कसा कळतो?

जवळ येणाऱ्या रेल्वेचा भोंगा चढा आणि दूर जाणाऱ्या रेल्वेचा उतरता ऐकू येतो. हाच डॉप्लर परिणाम रेडिओ लहरींनाही लागू पडतो. आगपेटीएवढे रडार मॉड्यूल लहरी सोडते. त्या वाहनावर आपटून परततात तेव्हा त्यांची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते. २४ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलमध्ये वेगाच्या दर ताशी एका किलोमीटरमागे हा फरक सुमारे ४५ हर्ट्झ पडतो. ताशी ६० किलोमीटरला तो २,७०० हर्ट्झच्या आसपास जातो. हा फरक माणसाला ऐकू येण्याच्या टप्प्यातला आहे. स्पीकर जोडला तर प्रत्येक मोटार शिट्टी वाजवत जाते.

मॉड्यूलचा संकेत अतिशय क्षीण असल्याने तो अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठा करावा लागतो. पुढचे गणित ईएसपी-३२ सारखा छोटा कंट्रोलर करतो. खरी गोम कोनाची आहे. रडारला स्वतःच्या दिशेने येणारा वेगच दिसतो. रस्त्याशी ३० अंशांचा कोन असेल तर ताशी ६० ने जाणारी मोटार ५२ ने चालल्याचे दिसते. कोन मोजून दुरुस्ती केली नाही, तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

मग अवघड काय आहे?

डबा. प्रयोगशाळेच्या टेबलावर चालणारे यंत्र मराठवाड्यातल्या भिंतीवर वर्षभर टिकवणे हे निम्म्याहून अधिक काम आहे, आणि बहुतेक प्रकल्प प्रदर्शनाच्या दिवशीच संपतात ते याच कारणाने. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कामाचा नाही, त्यातून लहरी बाहेर पडतच नाहीत. धातूची चमक असलेला रंगही टाळावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा आयपी-६५ दर्जाचा प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स पुरतो. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याची फवारणी सोसते.

तरी प्लॅस्टिकही लहरींना पूर्ण पारदर्शक नसते. २४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा मिलिमीटर. एबीएस प्लॅस्टिकचे झाकण पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असेल, तर त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. मॉड्यूल आणि झाकण यांत सहा मिलिमीटर अंतर ठेवण्याचा संकेतही यातूनच आला. मधल्याच कुठल्या तरी जाडीचे झाकण लावले की रडारचा पल्ला घटतो आणि दोष विनाकारण सर्किटला दिला जातो.

पावसाळ्यात झाकणावर साचलेला पाण्याचा पातळ थर लहरी शोषतो, ओघळणारे थेंब तर ‘वाहन’ म्हणून मोजले जातात. वर छोटे छप्पर आणि समोरचा भाग थोडा खाली झुकलेला, एवढ्याने बराच फरक पडतो. वायर खालूनच, केबल ग्लँडमधून आत घ्यावी. बाहेर तिला झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते.

उन्हाळा त्याहून कठीण. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, उन्हातल्या बंद डब्यात तापमान त्याच्याही बरेच वर जाते. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. त्यामुळे डबा पांढरा, शक्यतो उत्तरेच्या भिंतीला आणि बॅटरी वेगळी, सावलीत ठेवलेली बरी. वीज जाणे गृहीतच धरायचे असल्याने बॅटरी टाळता येत नाही.

मोजणीवर विश्वास किती ठेवावा?

सरसकट नाही. डॉप्लर रडारला उभे वाहन दिसत नाही. सोळा रस्ते एकवटणाऱ्या लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत, जिथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तिथे हे यंत्र लावणे व्यर्थ आहे. शेजारून जाणारी रिक्षा आणि दुचाकी एकच मोजली जाते. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर एक धरायचा की तीन, याचा निर्णय माणसालाच आधी घ्यावा लागतो. ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची थरथर आणि गॅलरीतला पंखाही वाहन असल्याचे सोंग आणतात. म्हणून आधी एक-दोन तास कागदावर चार उभ्या-एक आडव्या रेघा ओढत हातमोजणी करून यंत्राची चूक किती, ते काढावे. ग्रामीण रस्त्यांवरील वाहतूक गणनेच्या ‘आयआरसी : ९’ या जुन्या संहितेत वर्षातून दोनदा, सलग सात दिवस मोजणी सांगितली आहे. निदान एक पूर्ण आठवडा, बाजाराच्या दिवसासह, तरी हवाच.

यावरून चलान फाडता येईल का?

नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७-अ नुसार दंडासाठी वापरायच्या उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागते. वेग मोजणाऱ्या रडारसाठी वैधमापन नियमही २०२५ मध्ये आले असून पडताळणी व मुद्रांकन त्यात बंधनकारक आहे. १६७-अ च्या यादीतील १३२ शहरांत लातूर आहे, नांदेड नाही. यादीबाहेरच्या शहरात नागरिकांनी केलेल्या मोजणीची गरज उलट जास्त.

घरगुती रडारला नंबर प्लेट दिसत नाही, चेहराही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या तुलनेत हा त्याचा मोठा गुण आहे. बेल्जियममध्ये ‘तेलराम’ या उपक्रमात नागरिक घराच्या खिडकीतून वाहतूक मोजतात. डच भाषेत या शब्दाचा अर्थ मणी सरकवून मोजायची पाटी. तिथेही उद्देश दंड नाही, रस्त्याबद्दल बोलायला आकडे मिळवणे हा आहे.

विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी असे प्रकल्प मार्कांपुरते न राहता शाळेसमोरच्या रस्त्यावर आले पाहिजेत. मॉड्यूल घेताना त्याच्या फ्रिक्वेन्सीला परवानामुक्ती आहे का, हे दूरसंचार विभागाच्या नियमांत पाहावे. विजेच्या खांबावर परस्पर काही बांधू नये, स्वतःची गॅलरी सर्वांत सोयीची. अर्जात सरासरी वेगाऐवजी ‘शंभरातली ८५ वाहने ज्या वेगाच्या आत राहतात’ तो आकडा लिहावा. वाहतूक अभियंते तोच विचारात घेतात. महापालिकेने आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने एवढेच करायचे आहे : असा आकडा जोडलेला अर्ज आला, की आठवडाभरात आपले प्रमाणित यंत्र त्याच जागी लावून तो पडताळायचा.