पिकअप वाढला म्हणे!

आधीच सांगून टाकतो, पुढचं वाचून आमच्याच घरातली दोन-तीन पोरं माझ्यावर फुगून बसणार आहेत. त्यातल्या एकाचा तर मी सख्खा मामा. बसू देत. दिवाळीपर्यंत राग जाईल. इंजिन मात्र एकदा गेलं की दिवाळीला परत येत नाही.

विषय आहे मोटारीचा एअर फिल्टर. कंपनीने दिलेला काळा प्लास्टिकचा डबा आणि त्यातला घड्यांचा कागदी फिल्टर काढून टाकायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा, लालभडक, उघडा फिल्टर बसवायचा, आणि मग बॉनेट वर करून चार मित्रांना दाखवायचा. हा नाद मोठ्या शहरांतून नांदेडला आला आणि तिथून आता हदगावात पोचला. माझं म्हणणं सरळ आहे. हदगाव, तामसा, निवघा, हिमायतनगर या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने हा उद्योग करणं म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःच्या इंजिनात माती ओतणं आहे.

"कामून मामा? त्यानं हवा मोकळी जाते. पिकअप वाढतो!" हा ठरलेला प्रश्न. तर आता एकेक घेऊ.

पेट्रोल जळायला हवा लागते हे शाळेतलं विज्ञान. किती लागते, हे मात्र फारसं कुणी मोजून बघत नाही. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला अकरा किलो हवा आली. अकरा किलो हवा म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर! हदगावहून नांदेडला जाऊन यायचं तर लहान गाडीसुद्धा आठ-नऊ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे एका फेरीत ७०-८० हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटातून जाते. आपल्याकडच्या माणसाला लिटरपेक्षा टँकर लवकर कळतो, म्हणून तसं सांगतो : दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर भरून हवा. एका फेरीला.

आता ही हवा कसली आहे ते बघा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आपल्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा असतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसकट आणि धूळ गावावर तरंगत राहते. मग हळद पॉलिश करायचे दिवस येतात. रस्त्याचं काम निघालं की मुरूम आणि गिट्टीची चुरी उडते. नागपूर-तुळजापूर महामार्गाचं चौपदरीकरण चालू असताना वारंग्यापासून उमरखेडपर्यंत गाडीच्या काचेवर किती थर बसायचा, हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको. पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दिसायचा नाही, आणि आपलं इंजिन तीच हवा ओढत होतं.

डोळ्यांना दिसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी. घात करते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो तो मोजक्या मायक्रॉनचा. पाच ते वीस मायक्रॉनचा दगडाचा, वाळूचा कण त्यात शिरला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं घासणं. पहिल्या महिन्यात काही कळत नाही. वर्षभरात गाडी ऑइल खायला लागते. मग सायलेन्सरातून निळसर धूर. मग मिस्त्री म्हणतो, "रिंगा बसल्यात, कॉम्प्रेशन गेलंय, काम काढावं लागेल." आणि हे फिल्टरमुळे झालं असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही, कारण तोपर्यंत पोराच्या लेखी तो लाल शंकू म्हणजे गाडीचं सगळ्यात चांगलं अंग झालेलं असतं.

डिझेल गाडीचं तर आणखी अवघड. तिथे टर्बो असतो. त्याचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एवढ्या वेगात धुळीचा कण पात्यावर आपटला तर पातं झिजतं. शिवाय तेल लावलेला फिल्टर असला आणि हौशी हाताने तेल जरा जास्त लावलं, की ते पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसायची भीती. मग सेन्सर चुकीचं मोजतो आणि गाडी झटके खाते.

बरं, एवढं करून मिळतं काय?

पिकअप. आपण रोज गाडी चालवतो तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो का? नाही. पेट्रोल गाडीत हवेची वाट आपणच थ्रॉटलने अर्धीमुर्धी बंद ठेवलेली असते. दाराची फट बोटभर उघडी असताना बाहेरची जाळी बारीक आहे की मोठी याने काय फरक पडणार? फरक पडतो तो ॲक्सिलरेटर तळाला टेकवून, इंजिन पूर्ण रेसवर असताना, आणि तेव्हाही तो इतका थोडा असतो की घड्याळ लावून मोजावा लागतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली याची उलटी बाजू तपासली होती. मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या चालवल्या. नव्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण दाबल्यावर गाडी उचलायला जास्त वेळ लागला, तो फिल्टर चोंदलेला होता म्हणून. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची गोष्ट वेगळी. पण चोंदलेल्या फिल्टरनेही जिथे ॲव्हरेज हलत नाही, तिथे चांगला फिल्टर काढून मोकळा बसवल्याने ते कुठून वाढणार?

त्यात गंमत पुढेच आहे. कंपनीच्या डब्याला एक नळी असते. ती पुढच्या जाळीमागून, रेडिएटरच्या वरून किंवा मडगार्डच्या आतून बाहेरची थंड हवा घेते. शंकू बसवला की तो बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी उघडा बसतो आणि तिथली तापलेली हवा ओढतो. हवा दर दहा अंशाला साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. आपल्याकडचा मे महिना ४२-४३ अंशांचा. बॉनेटखाली त्यात आणखी वीस-पंचवीस अंशांची भर धरा. म्हणजे मोकळ्या वाटेने जे कमावलं त्याहून जास्त गरम हवेने घालवलं. हे म्हणजे उन्हाळ्यात कूलरची जाळी काढायची आणि त्याचं तोंड चुलीकडे करायचं!

मग पोरांना पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. कंपनीचा तो काळा डबा नुसता डबा नसतो. इंजिन हवा ओढताना जो घुमारा होतो तो गिळायची सोय त्यात केलेली असते. डबा काढला की तो घुमारा सरळ कानावर येतो. "मामा, नुसता आवाज ऐका!" ऐकला बाबा. आवाज आहे, मान्य. पण माझ्या शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीचाही आवाज मोठा आहे, ती काय नांदेडला आधी पोचते का?

आता "परदेशात सगळे लावतात" हा मुद्दा. के अँड एन ही या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी सुरू झाली. तिचं नाव झालं ते मोटारसायकलींच्या आणि गाड्यांच्या शर्यतींतून. त्या मालाला मी नावं ठेवत नाही. ज्या कामासाठी केला त्या कामाला तो ठीक असेल. पण शर्यतीच्या गाडीचं इंजिन पुन्हा पुन्हा खोललं जातं. तिच्यामागे मिस्त्रींची फौज असते. आपल्या गाडीला पंधरा वर्षं ओढायचं असतं, आणि मिस्त्री एकच, तोही बाजारच्या दिवशी सापडत नाही.

आणि परदेशाचंच उदाहरण हवं असेल तर माझ्याकडे त्याहून चांगलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्पिटफायर विमानं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात नेली तेव्हा वाळूने इंजिनं खराब होऊ नयेत म्हणून विमानाच्या नाकाखाली व्होक्स नावाचा भलामोठा फिल्टर बसवला. विमान बेढब दिसायला लागलं. वेगही कमी झाला. लढाऊ विमानाचा वेग म्हणजे वैमानिकाचा जीव! समोर जर्मन विमान असताना ताशी काही मैल कमी झाले तरी परवडत नाही. तरीही त्यांनी फिल्टर काढला नाही. पुढे इजिप्तमध्ये अबुकीरच्या कार्यशाळेत त्याहून लहान, सुटसुटीत फिल्टर तयार केला, पण फिल्टरशिवाय उडायचं हे काही कुणी ठरवलं नाही. ज्यांचा जीव वेगावर अवलंबून होता त्यांनी धुळीपुढे वेग सोडला. आणि आपल्याला बसस्टँड ते तहसील वेगात जायचंय!

एवढंही लांब जायला नको. आपल्या वाड्यातला जुना ट्रॅक्टर बघा. बॉनेटवर टोपीसारखा प्री-क्लीनर. जाडी धूळ तिथेच गरगर फिरून बाजूला पडते. पुढे हवा तेलाच्या वाटीवरून जाते आणि उरलेली धूळ तेलात बसते. मळणीच्या दिवसांत शहाणा माणूस ती वाटी रोज उघडून बघतो, तळाला चिखल बसला असेल तर तेल बदलतो. शाळेत फार न गेलेल्या माणसाला हे कळतं, कारण त्या इंजिनावर त्याचं घर चालतं. त्याचाच पोरगा इंजिनीयर होऊन येतो, आणि ट्रॅक्टर ज्या फुफाट्यात चालतो त्याच फुफाट्यात चालणाऱ्या कारचा डबा काढून फेकतो. याला शिक्षण म्हणावं की काय म्हणावं?

"पण तो धुता येतो, परत परत विकत घ्यायची झंझट नाही." हिशेब करू. लहान गाडीचा कागदी फिल्टर तीन-चारशे रुपयांत येतो. चांगला शंकू पाच-सहा हजारांना. म्हणजे तेवढ्यात पंधरा कागदी फिल्टर झाले. शिवाय धुवायचं औषध वेगळं, लावायचं तेल वेगळं, आणि धुतल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत गाडी उभी. वाळवायचा कुठे? अंगणात, धुळीत! आणि हे सगळं अस्सल मालाचं. बाजारात जे आठशे-हजाराला मिळतं ते नुसतं रंगीत फडकं आणि क्लॅम्प. त्यातून उजेड आरपार दिसतो. उजेड जाईल तिथून फुफाटा जाणार नाही, असं कुणी सांगितलं?

बसवतानाही घोळ होतो. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत आत घेणारी एक नळी त्या डब्याकडे जोडलेली असते. शंकू बसवताना ती बहुतेक वेळा अशीच मोकळी सोडतात. मग वाफ बॉनेटखाली, वास गाडीत. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवायची ती वेगळीच. आणि कायद्याचंही थोडं ध्यानात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात, नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

विरोधी बाजूचं एक मान्य करतो. कंपनीच्याच डब्यात, कागदी फिल्टरच्या जागी तंतोतंत बसणारा, चांगल्या कंपनीचा धुता येणारा फिल्टर टाकला आणि निगा नीट राखली तर लगेच आकाश कोसळत नाही. थंड हवेची वाट तरी शाबूत राहते. पण मग आवाज येत नाही, आणि आवाज येत नसेल तर पोरांना तो नको असतो. यातच सगळं आलं.

मी एवढा का चिडतोय ते सांगतो. मुंबईत गाडी बंद पडली तर माणूस टॅक्सी करतो. आपल्याकडे गल्लीत एकाकडे गाडी असते आणि ती सगळ्या गल्लीची असते. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखतं, कुणाची बाळंतपणाची सून असते, डॉक्टर म्हणतात नांदेडला हलवा, तेव्हा दार त्याच गाडीवाल्याचं वाजतं. वारंग्याच्या पुढे अंधारात ती गाडी धूर ओकत उभी राहिली तर लाल शंकूचा व्हिडिओ कुणाला दाखवणार? गाडी तुझ्या नावावर असेल रे, पण भरवसा दहा घरांचा आहे.

तेव्हा पैसे उतू जात असतील तर हे करा. कागदी फिल्टर कंपनीचाच घ्या आणि पुस्तकात धुळीच्या भागासाठी जी लवकरची मुदत दिली आहे ती पाळा. पंक्चरवाल्याकडे नेऊन त्याच्यावर जोरात हवा मारू नका, कागद फाटतो आणि फाटलेलं दिसतही नाही. थोडा मळलेला फिल्टर उलट जास्त चांगला गाळतो, म्हणून दर आठवड्याला उघडून बघायची घाई नको. डब्याच्या चारही क्लिपा नीट बसल्यात का, रबर चिरलंय का, एवढं बघा. उरलेल्या पाच हजारांत दोन टायर बदला, ते जास्त गरजेचे आहेत.

आणि भाचेबुवा, तो काढलेला काळा डबा भंगारात दिला नसशील तर माळ्यावरून खाली काढ. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी येतोच आहे :)